खातं क्रमांक दोनशे चौदा

टोर्वे या आमच्या लिहिण्या-वाचण्याच्या संकेतस्थळावर काही पुसता येत नाही. कोणी काय लिहिलं, कोणी कोणाला किती वाजता मत दिलं, सगळं सेकंदासकट कायमचं आणि सगळ्यांसमोर उघडं. इथे प्रत्येकाकडे मताची ताकद असते. एक पूर्ण मत दिलं की त्यातले दोन टक्के उतरतात आणि दिवसाला वीस टक्के आपोआप भरून येतात. मिळालेल्या मतांवर नाणी मिळतात, त्यामुळे एकमेकांची पाठ खाजवणारे आणि मतं द्यायला यंत्र लावून आपण झोपा काढणारे असे नमुने इथे भरपूर. त्यांना हुडकणं हा माझा छंद. छंद कसला, खोडच.

दर रविवारी दुपारी मी डेन्मार्कमधल्या ओदेन्सेतल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून आठवड्याची मतं मोजते आणि अहवाल टाकते. मोजताना नावं झाकलेली असतात, खात्यांना नुसते क्रमांक. यादी पक्की झाली की प्रोग्रॅम आपणच नावं लावतो आणि अहवाल सगळ्यांपुढे जातो. ओळखीचं कोणी निघालं म्हणून हात आखडायला नको.

हा नियम मला आस्गरनं शिकवला. स्वेनबॉर्गच्या बंदरात जहाजांना वाट दाखवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. माझ्या अहवालांना कुत्रंही विचारत नव्हतं तेव्हा तो एकटा वाचायचा, चुका काढायचा. "मेरेते, तू मैत्री मोजते आहेस की मतं?" असं त्यानं एकदा विचारलं, तेव्हापासून मी नावं झाकायला लागले. गेलं वर्षभर तो काही बोलत नव्हता, पण दर रविवारी अहवाल टाकल्यावर पाच मिनिटांनी त्याचं मत यायचं. मला तेवढं पुरे होतं. म्हातारा वाचतोय, बरा आहे, असं म्हणून मी पुढच्या कामाला लागायचे.

मे महिन्यातल्या त्या रविवारी क्रमांक दोनशे चौदाचा आलेख समोर आला आणि मी खुर्चीत सरसावून बसले. जिवंत माणसाची ताकदीची रेघ वेडीवाकडी असते. माणूस झोपतो, तापानं पडतो, भांडतो, सुट्टीवर जातो. दोनशे चौदाची रेघही तशीच होती, पण गेल्या वर्षीच्या बारा मार्चपर्यंत. तिथून पुढे करवतीचे दाते. त्याच दहाबारा लोकांना, लिहिल्यापासून पाच मिनिटांनी, पूर्ण मत. चौदा महिन्यांत एकही खाडा नाही.

मला भलताच आनंद झाला. खातं विकलेलं असणार, नाहीतर नाणी पिकवायला यंत्राला जुंपलेलं. मी खाली शेरा लिहिला: 'क्रमांक २१४. या खात्यात आता माणूस राहत नाही.' वाक्य मला इतकं आवडलं की मी ते मोठ्यानं वाचून पाहिलं. मग बटण दाबलं आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले.

परत आले तेव्हा अहवालाखाली पन्नासेक लोक टाळ्या पिटत होते. यादीत दोनशे चौदासमोर आस्गरचं नाव होतं. आणि खाली एका बाईची एकच ओळ होती: 'तुझं बरोबर आहे. तो बारा मार्चला गेला. बोदिल.'

बोदिल म्हणजे त्याची बायको. तीही टोर्वेवर होती. रोज दुपारी तीनला एक ओळ लिहायची, वारा कुठला आणि बंदरात पाणी किती, एवढीच. त्या ओळीला मत देणारा एकच होता.

चौदा महिने मी एका मेलेल्या माणसाला 'वाचतोय' म्हणत होते, आणि एकदाही 'कसा आहेस' म्हणून विचारलं नव्हतं.

मी टोर्बेनला फोन लावला. आपोआप मतं देणारं यंत्र तो चालवतो, आणि माझ्या यादीत नाव आलं की त्या खात्याची परवानगी काढून टाकतो. आमचं तसं ठरलेलंच आहे.

"टोर्बेन, आस्गरला काढलंस का?"

"काढलं की! तुझी यादी आली आणि दोन मिनिटांत साफ. काय गं, आज शाबासकी द्यायला फोन?"

"त्याला परत घे."

"त्यालाच सांग ना. त्याच्या खात्याची गुप्त किल्ली टाकून परत परवानगी द्यायची, चुटकीसरशी होतं."

"तो मेलाय, टोर्बेन."

पलीकडे त्यानं कळा बडवल्याचा आवाज आला.

"किल्ली बायकोकडे असेल," तो म्हणाला.

"आणि नसली तर?"

"तर मग मी काय, देवही काही करू शकत नाही. तुला माहीतच आहे ते."

माहीत होतं. तरी शनिवारी मी ब्रुन्सविगर केक घेतला, वर भरपूर साखर असलेला, आणि स्वेनबॉर्गची गाडी पकडली.

दार उघडणारी बाई सत्तरीची, किडकिडीत, अंगात पुरुषी स्वेटर. मी घाबरून बोलायला लागले, "तुम्हाला मी..."

"तुम्ही म्हणायला मी काय राणी आहे? ये आत. पाय पूस."

किल्ली नव्हती. "डोक्यात ठेवायचा सगळं," ती म्हणाली, "आणि डोकं घेऊन गेला." टेबलाला दोन खुर्च्या होत्या. एकीच्या पाठीवर त्याची टोपी अडकवलेली होती, म्हणून मी स्टूल ओढून बसले. तीन वाजता तिनं फोन घेतला आणि लिहिलं: वारा नैऋत्येचा, पाणी ओसरलेलं. मग फोन टेबलावर ठेवून ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. मीही बघत बसले. पाच मिनिटं झाली. सहा झाली.

"शेवटच्या आठवड्यात दवाखान्यातून त्यानं ते यंत्र लावून ठेवलं, आपला हात थांबला की चालू होईल असं," ती म्हणाली. "म्हणाला, तू लिहीत जा, मी पाच मिनिटांत येतोच. मला कळत होतं गं यंत्र आहे ते. मी काही खुळी नाही. पण यायचा."

मी माफी मागितली. तिनं ती ऐकलीच नाही, किंवा ऐकून सोडून दिली.

"तो आलेख आणलायस ना? दाखव."

मी लॅपटॉप उघडला. तिच्या चष्म्याला बारीक अक्षरं झेपत नव्हती, म्हणून मी तारखा वाचत गेले आणि ती बोट ठेवून सांगत गेली. हे नऊ दिवसांचं खिंडार म्हणजे बोर्नहोम बेटावरची सुट्टी, तिथे त्याला मासे बाधले. इथे एका दिवसात चाळीस मतं, म्हणजे आमचं कडाक्याचं भांडण. ही आडवी रेघ म्हणजे पहिलं ऑपरेशन. मी पाच वर्षं मतं मोजत होते, त्यात इतकं काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं. आणि खोलीत आम्ही दोघीच आहोत असं मला एकदाही वाटलं नाही.

बोट अकरा मार्चवर आलं.

"त्यानं स्वतः दिलेलं शेवटचं मत कुठलं?"

मी पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. पूर्ण मत. समोर माझं नाव होतं, माझा त्या रविवारचा अहवाल.

आयुष्यात मी कधी आकडा फिरवला नाही. पण ती त्या स्वेटरच्या बाह्या मुठीत धरून बसली होती.

"तुझ्या ओळीला," मी म्हणाले. "तीन वाजून पाच."

ब्रुन्सविगरचा एक तुकडा कापून तिनं माझ्या बशीत ठेवला.

"त्या दिवशी मी ओळ लिहिलीच नव्हती. त्याच्या उशाशी होते. हात उचलत नव्हता त्याचा. फोन मी धरला, अंगठा मी टेकवला. तुझ्या अहवालावर."

मी बशी बाजूला सरकवली.

"मग विचारलंस कशाला?"

तिनं मान वळवली ती माझ्याकडे नाही, टोपीच्या खुर्चीकडे. "म्हणायचास ना, ती पोरगी काय वाटेल ते झालं तरी आकडा बदलायची नाही? हरलास बघ." आणि उत्तर ऐकावं तशी ती क्षणभर थांबली, मग कॉफी ओतायला उठली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी दुरुस्ती टाकली. दोनशे चौदाचं खरं काय ते लिहिलं, अकरा मार्च, चार वाजून दहा, सगळं. शनिवारी मी कोणाजवळ काय खोटं बोलले तेही लिहिलं. आता ते कायमचं तिथे आहे.

टाकून झाल्यावर उठायला हवं होतं, कुंड्या कोरड्या पडल्या होत्या. पण मी घड्याळ बघत बसले. पाच मिनिटांनी मी आस्गरचं खातं उघडलं. आठवडाभरात एकही मत दिलेलं नव्हतं. ताकद: शंभर टक्के.