निळ्यावर लाल

पिन बसत नव्हती. बोटाएवढी लोखंडी कांडी, तेलानं पुसलेली, एका टोकाला वाकवलेली — आनंदराजनं ती पाइपाच्या भोकावर टेकवली, अंगठ्यानं दाबली, फिरवून पाहिली, आणि शेवटी काढून तळहातावर घेतली. टोकाला तांबड्या रंगाचा पापुद्रा चिकटून आला होता आणि पापुद्र्याच्या पोटाशी निळा. नखानं त्यानं तो उडवला. तो खाली वाळूत पडला, तरी त्याला तो दिसतच राहिला.

"न्हाई जात का?" पलीकडून जोडीच्या गवंड्यानं, रामलिंगमामानं, विचारलं.

"जाईल की."

दोघं पहिल्या टप्प्याच्या फळ्यांवर उभे होते. जळकोटच्या या गल्लीत शेषेरावांनी घरावर नवा मजला चढवला होता आणि मागच्या भिंतीचा गिलावा आनंदराजला दिला होता — दिला कशाला, परांची स्वतःची आहे म्हणूनच दिला. खालच्या लोखंडी फ्रेमांवर दुसऱ्या फ्रेमा चढवून झाल्या होत्या. आता जोडावर पिना घालायच्या होत्या, म्हणजे वरची आणि खालची एकजीव होते. एवढंच राहिलं होतं. खाली गुणाबाईनं माल कालवून ठेवला होता आणि घमेलं पालथं घालून ती त्यावर बसली होती. सकाळ अजून संपली नव्हती, पण ऊन आपलं दुपारचं काम आत्ताच उरकून घेत होतं. असल्या उन्हात सिमेंट कोणासाठी थांबत नाही.

जाईल की... का जात नाही, ते त्याला ठाऊक होतं. रंग जाड झाला होता. आणि हे त्याला आधीच सांगितलं गेलं होतं.

माय लेकीकडे बिलोलीला गेली होती, ते दिवस साधून त्यानं या जुन्या फ्रेमा विकत घेऊन घरी आणल्या होत्या. टेम्पो दारात लागला तेव्हा शेजारचा शिवकुमार येऊन बघत उभा राहिला, आणि आनंदराजनं तांबड्या रंगाचा डबा फोडल्यावर हसून म्हणाला होता, "अरे, निळा तर आपलाच रंग हाय की! कामून घालवून राहिला?" आनंदराजही हसला होता. हा निळा आपला नाही, हे त्याला सांगायला हवं होतं का? हा किशनरावच्या भाड्याच्या फ्रेमांचा निळा होता. याच निळ्यावरून थोरला भाऊ, भीमादादा, खाली आला होता, डोक्यावर, आणि तीन फुटांवर वाळूचा ढीग असून वाळूवर नाही... तांबड्याचा एक हात मारूनही निळा दिसायचाच. मग दुसरा मारला. पाइपांच्या तोंडात ब्रश घातला, भोकांमध्ये ब्रशाची टोकं खुपसली. कुठं ठिपका राहू द्यायचा नव्हता. माय आली की तिला नवी परांची दिसली पाहिजे, बाजारातून आणलेली, कोणाचीच नसलेली.

माय आली. पिशवी उंबऱ्यावर ठेवून ती भिंतीला लावलेल्या फ्रेमांपाशी गेली, एकीवरून हात फिरवला, आणि तिचा अंगठा जोडाच्या भोकावर थांबला.

"रंग लई जाड मारलास," ती म्हणाली.

आणि चहा ठेवायला आत गेली. बस, एवढंच. त्यानंतर त्या फ्रेमांबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही. तिला कळलं का? अंगठ्याला निळा लागतो का? मी विचारू शकत नाही, आणि ती सांगणार नाही... आमच्या घरात बोलायच्या गोष्टी चहासारख्या उकळत ठेवतात आणि मग कोणीतरी चूल विझवतं.

मग आणल्या कशाला? हे त्याला स्वतःलाही पुरतं सांगता आलं नसतं. काम मागायला गेलं की पहिला प्रश्न एकच — परांची आहे का? तुझ्या हाताला सफाई आहे का, हे कोणी विचारत नाही. मोठे ठेकेदार दोन खोल्यांच्या गिलाव्याला लोखंड देत नाहीत. बल्ल्या उभ्या करून काथ्यानं बांधाव्यात तर आता घरमालकच नाकं मुरडतात. ज्याची परांची तो मिस्त्री, बाकीचे नुसते हात. आणि सगळ्या तालुक्यात लहान कामाला फ्रेमा देणारा एक किशनराव, त्याच्या फ्रेमा तर गोठ्यात पडून होत्या, कोंबड्या बसत होत्या त्यांच्यावर. भीमा गेल्यापासून त्या कोणी नेत नव्हतं. किशनरावची परांची माणूस खाते, असं झालं होतं. कोणी केलं तसं? मीच केलं. भर गल्लीत.

त्या दिवशी किशनराव आला होता. भीमादादाला घरात आणून ठेवलं होतं, माय त्याच्या पायाशी बसली होती, आणि हा वाडीचा मोठा शेतकरी, पांढऱ्या सदऱ्यातला, दाराबाहेर लिंबाखाली उभा राहिला. आत आला नाही. बौद्धवाड्यात आमच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायला याचं काय झिजलं असतं, असं तेव्हा आनंदराजच्या डोक्यात आलं आणि मग जे आलं ते थांबलंच नाही. जोडावरून लोंबणारी तुटकी तार त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. पिनेच्या जागी तार! तो बाहेर गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चार पिना द्यायला हात आखडला का तुमचा? तुमच्या लोखंडानं माझा भाऊ खाल्ला." किशनरावनं तोंड उघडलं. दारातून आत बघितलं — मायकडे. मग तोंड मिटलं, आणि तो मागं वळून चालायला लागला. मेल्याला उत्तर नाही, असं कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांना ते पटलं.

फ्रेमा विकतानाही किशनरावनं घासाघीस केली नव्हती. टेम्पो भरताना तो लांब उभा होता. फक्त शेवटी एक पोतं उचलून आणलं, वजनानं वाकत, आणि आनंदराजच्या पायाशी ठेवलं.

"पिना सगळ्या हायत. बघून घे."

"आता कशाला बघायच्या?" तो म्हणाला होता. मुद्दाम. लागावं म्हणून.

"आनंदा!" रामलिंगमामाचा आवाज. "पिनेकडं काय बघून राहिला? माल वाळतोय ना तिकडं."

खाली शेषेराव खुर्ची घेऊन आले होते. त्यांनी वर पाहिलं आणि आदबीनं विचारलं, "मिस्त्री, काही अडचण?" मिस्त्री! मागच्या वर्षी याच माणसानं त्याला 'ए, तो बारका गवंडी' म्हणून हाक मारली होती. हे लोखंड बोलायला लावत होतं लोकांना. आनंदराजला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून तो ओशाळला.

"काही नाही काका. रंग बसलाय भोकात."

त्यानं हातोडीनं पिनेवर ठोका दिला. फ्रेम थरथरली, पिन वाकडी झाली. रॉकेल लावून, खिळ्यानं कोरून, कानशीनं घासून भोकं मोकळी होतील — होतील, पण दिवस त्यातच जाईल, आणि कालवलेला माल गुणाबाईला उकिरड्यावर टाकावा लागेल, शेषेरावांच्या डोळ्यांदेखत.

"तार मार," रामलिंगमामा म्हणाला. "दोन येढे दे, पक्कडीनं पिळ. काय न्हाई होत."

"न्हाई मामा. पिनच घालायची."

"बर्गं. घाल मग." मामानं कपाळावरचा घाम बोटानं निपटला, सकाळी लावलेला भस्माचा पट्टा त्याच्याबरोबर गेला. मग समजुतीच्या सुरात, लहान पोराला सांगावं तसं तो म्हणाला, "आरं, त्या टायमालाबी पिना अशाच जाड जात व्हत्या. किशनरावनं पोतंभर दिल्त्या. भीमा म्हनला, कोन ठोकीत बसतं, माल वाळून राहिला. तारंचे दोन येढे मारले त्यानं. समदं भिताड झालं व्हतं तवर, आनंदा. तार दिसभर टिकली. शेवटाला गेली, ते त्याचं नशीब."

तार टिकते, हे पटवून द्यायला तो हे सांगत होता.

आनंदराजला पिन हातात जड वाटायला लागली. "पिना होत्या?"

"व्हत्या की. खाली पोत्यात पडल्या व्हत्या."

"तू मला कधी सांगितलं न्हाईस."

"तू कवा इचारलंस?" मामा खरंच चकित झाला होता. "आन गेलेल्या माणसाचं काय उकरायचं? माय बसली व्हती तुझी तिथं."

माय बसली होती... म्हणून किशनरावनं आत बघितलं होतं. म्हणून तोंड मिटलं होतं. एका वाक्यात तो सुटला असता — पिना दिल्या होत्या, तुझ्या भावानं घातल्या नाहीत — आणि ते वाक्य पोटच्या पोराच्या पायाशी बसलेल्या बाईच्या कानावर पडलं असतं. ते त्यानं गिळलं. त्यासाठी गोठ्यात गंजत पडलेलं लोखंड, गावाची बोटं, सगळं गिळलं. आणि पिनांना तेल लावत राहिला! कोण घेणार होतं त्या पिना? कोणासाठी पुसत होता तो? उंबऱ्याच्या आत तो आला नाही ते जातीमुळं नसेल, त्याला धजावलं नसेल... की दोन्ही असेल? आता हे कोणाला विचारणार. आणि दादा, तू! तुझ्या हातचा गिलावा आरशासारखा, ओळंबा लावायची गरज नाही म्हणायचे लोक, आणि तुला चार पिना ठोकायला वेळ नव्हता. आनंदराजला भावाचा राग आला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, आणि त्या रागानं डोळ्यांत पाणी आलं.

हे मायला सांगायचं? सांगितलं तर भीमा तिच्या लेखी पुन्हा मरेल, आणि या वेळी स्वतःच्या हातानं. नाही सांगितलं तर किशनराव आहे तिथंच उभा राहील, लिंबाखाली.

"जाऊ दे, सरक," रामलिंगमामा म्हणाला. त्यानं कमरेची पक्कड काढली होती. तारेचे वेढे जोडाभोवती पडले, पीळ बसला. मग दुसऱ्या जोडाला, तिसऱ्याला. किती सफाईनं! भीमाही असाच पिळायचा, मनगट न हलवता. आनंदराज बघत राहिला. परांची माझी आहे. मी नको म्हटलं की काम थांबतं. नको म्हणायला मालकच लागतो, आणि मालक मीच आहे... पण खाली गुणाबाई उठून घमेलं भरायला लागली होती, शेषेरावांनी खुर्ची सावलीला सरकवली होती, आणि मिस्त्री या शब्दाची चव अजून त्याच्या जिभेवर होती. आजचा दिवस. संध्याकाळी सगळ्या उतरवायच्या, रंग खरवडायचा, निळा दिसला तर दिसू दे, उद्यापासून पिना. दादाही असंच म्हणाला असेल, उद्यापासून.

मामा फ्रेमेच्या आडव्या पाइपांवर पाय देत वर चढला, फळी ओढून घेतली, तिच्यावर उभा राहिला. आनंदराज खाली उतरला होता, कधी, ते त्याच्या ध्यानात नव्हतं. त्यानं वर पाहून तोंड उघडलं. मामा, उतर. एवढंच म्हणायचं होतं. मामानं भिंतीवर पाणी मारलं, पहिली थापी मारली, मालाचा चपकन् आवाज झाला. आनंदराजनं तोंड मिटलं.

"वर ये की," मामा ओरडला. "दोघं मिळून उरकू."

"येतो," तो म्हणाला, पण त्याच्या हातातून पाइप सुटेना. उन्हानं तापलेल्या त्या तांबड्या रंगातून मामाचं प्रत्येक पाऊल त्याच्या तळव्याला कळत होतं — एक पाऊल डावीकडे, थांबला, वाकला, पुन्हा एक पाऊल. त्यानं दुसराही हात पाइपावर ठेवला. रामलिंगमामाच्या घरी तो कितीदा जेवला होता; पण आता तो आठवायला लागला की त्या घराचं दार नेमकं कुठल्या बाजूला आहे, आणि दारासमोर उभं राहायला एखादं झाड आहे की नाही.