मी पोपटीचं मडकं नव्हे

मी एक जुनं मडकं आहे, मित्रांनो. जुनं म्हणजे तुमच्या पणजीच्या उतरंडीतलं नव्हे. वैशाखरे गावाजवळच्या माळावर माणसं पहिल्यांदा घरं बांधून धान्य पेरू लागली, तेव्हाचं. म्हणजे तीनेक हजार वर्षांचं. एक टवका सोडला तर माझा काठ अजून शाबूत आहे, आणि याचा मला गर्व आहे. असू दे.

ओढ्याकाठच्या मातीत तूस मिसळून एका बाईनं मला हातानं घडवलं. भाजताना एका अंगाला आच जास्त लागली आणि तिकडून मी काळं पडलं. तरी तिला मीच जास्त आवडत असे. माझ्यात कुळीथ शिजले, पेज रटरटली, पावसाळ्यात बियाणं राहिलं. शेजारणी मला मागून न्यायच्या आणि परत देताना तळाशी मूठभर दाणे ठेवायच्या. रिकामं भांडं परत देऊ नये, ही रीत तुमच्या फार आधीची आहे बरं.

मग त्या बाईचं तान्हं बाळ तापानं गेलं. तिनं मला घासून स्वच्छ केलं, बाळाच्या गळ्यात इवल्या मण्यांची माळ घातली आणि त्याला माझ्या पोटात निजवलं. माझ्या तोंडाला दुसऱ्या मडक्याचं तोंड लावून तिनं आम्हाला घरातच, चुलीजवळच्या जमिनीखाली ठेवलं. बाळ घरापासून लांब जाऊ नये म्हणून. मला फार वाईट वाटलं. पण काम अंगावर पडलं की रडत बसून भागत नाही. मी बाळ सांभाळू लागलं.

घर गेलं, गाव उठलं, वर शेत झालं. माझा जोडीदार नांगराच्या घावानं फुटला. अलीकडे ते शेत अनंता आणि लहानी या नवराबायकोचं. रोपांसाठी जमीन तयार करायला ते दर उन्हाळ्यात माझ्या डोक्यावर पालापाचोळा पसरून राब भाजायचे. आम्हाला आयती ऊब मिळायची.

यंदा पौषात अनंतानं तिथं घराचा पाया खणायला घेतला आणि त्याची कुदळ माझ्यापाशी येऊन थांबली. आता त्याच्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? थंडीत इकडे शेतात पोपटी लावतात. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी आणि भांबुर्ड्याचा पाला भरून ते जाळात भाजतात. इथंही राखेनं काळी झालेली माती होती, मडकं होतं, आत बारीक हाडं होती.

“पोपटीचा मडका हाय गो,” तो लहानीला म्हणाला. “कुनीतरी खाऊन हितंच टाकलंय. कोंबडीची हाडा पन तशीच.”

मी आणि पोपटीचं मडकं! एवढी वर्षं इमानानं राखण केली, त्याचं हे फळ. पण रागवायलाही सवड नव्हती. अनंता मला उपडं करायला निघाला होता आणि त्यांचा कुत्रा शेपूट हलवत पुढे सरकला होता. मी जन्मात इतकं घाबरलं नव्हतं. बाळ आता कुत्र्याच्या तोंडी जाणार, आणि मला साधं ओरडताही येत नव्हतं.

माझ्यातून थोडी माती सांडली. तिच्याबरोबर दोन लाल मणी घरंगळले. लहानीनं अनंताचं मनगट धरलं.

“थांब रे. कोंबडीच्या गळ्यात मनी कोन घालतो?”

अनंतानं मला होतं तसं खाली ठेवलं आणि कुत्र्याला हाकललं.

त्या दिवसांत भातसानगरची दिपिका माळावर खापरं वेचत हिंडत होती. ती पुरातत्त्व शिकते. गावात तिला कौतुकानं ‘खापरीवाली’ म्हणत. लहानीनं तिला बोलावून आणलं. ती पालथी पडून ब्रशनं माती झाडू लागली आणि मध्येच तिनं ब्रश खाली ठेवला.

“मावशी, हे तान्हं बाळ आहे. फार फार जुनं.” मग तिनं पुढचं सांगितलं. हाडं तपासणीसाठी पुण्याला जातील, मडकं संग्रहालयात.

मग मी राखण कुणाची करायची?

“पोर एकीकडं नि मडका एकीकडं?” लहानी म्हणाली. “आयशीनं एका ठायी ठेवलंय ना?”

दिपिका बाजूला जाऊन आपल्या सरांशी फोनवर बोलली, थोडी भांडलीसुद्धा. शेवटी ठरलं की आम्हाला मातीच्या गोळ्यासकट एकत्र उचलायचं आणि तपासणी झाली की एकत्रच ठेवायचं. घराचा पाया थोडा पलीकडे सरकला. अनंता कुरकुरला, पण नवी आखणी त्यानंच केली.

आम्हाला खोक्यात बसवलं, तेव्हा लहानी आडवी आली.

“नाव नाय ठेवला तं पोरानं हाक कशी वळखायची? पोरगा हाय का पोरगी?”

“एवढ्या लहान हाडांवरून नाही सांगता येत, मावशी.”

“मंग राही. कुनालापन चालंल.”

वाडीतल्या बायका जमल्या. खोकं हलवायला दिपिकानं सक्त मनाई केली, म्हणून त्यांनी न हलवताच पाळणा म्हटला. घुगऱ्या वाटल्या. इतक्या उशिरा झालेलं बारसं कुणी पाहिलं नसेल.

आता आम्ही दोघं शहापुरातल्या एका छोट्या संग्रहालयात काचेमागे असतो. मित्रांनो, खणताना खापर लागलं तर कुदळ खाली ठेवा आणि जाणत्या माणसाला बोलवा. घाईनं उपडं केलेलं मडकं पुन्हा तसंच भरता येत नाही.

परवा लहानी आली होती. तिनं काचेपुढे मूठभर नवे तांदूळ ठेवले आणि हळूच म्हणाली, “राही, बाळा, घर झाला बग आपला.”

ज्या बाळाला मी तीन हजार वर्षं पोटाशी धरलं, त्याला नावानं हाक कधी मारलीच नव्हती. आता मी रोज मारतं.