मामेभावाच्या नावाने

आमच्या घरात त्याला सगळे वकील म्हणतात. कोर्टाची पायरी तो कधी चढलेला नाही, पण तोंड असं की चोरालाही साव ठरवील. माझा सख्खा आतेभाऊ, माझ्याच वयाचा, बेकरीत माझ्या शेजारी कामाला आणि राहायला माझ्याच खोलीत. भावापेक्षा जास्त, असं मी लोकांना सांगत फिरायचो. गाढव होतो, दुसरं काय.

या हिवाळ्यात आंघोळ करताना मला ते पहिल्यांदा दिसलं. नको त्या जागी, टोकाच्या कडेला, बारीक पांढुरके दाणे. खसखशीएवढे, एका ओळीत. दुखत नव्हते, खाजत नव्हते, पण माझी पाचावर धारण बसली. तेवीस वर्षांचा मी, आजवर कुठल्या मुलीचा हातसुद्धा धरलेला नाही, मग हे आलं कुठून? साबणाने घासघास घासलं. दाणे तसेच राहिले, कातडी मात्र लाल झाली. आता आपलं लग्न काही होत नाही, असं माझ्या मनाने घेतलं.

शेवटी वकिलाला सांगितलं. बापाला थोडंच सांगणार होतो!

"कधीपासून?" त्याने विचारलं. त्याचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, माझ्या काळजीने.

"महिना झाला असेल. तुला असलं कधी काही...?"

"मला? छे! काहीतरीच काय!" तो खाटेवरून उठलाच. "हे बघ, घाबरू नको. कोणाला बोलूही नको. मी बघतो काय ते."

दुसऱ्या दिवशी त्याने साबण वेगळा केला. टॉवेल दोरीच्या दुसऱ्या टोकाला वाळत घालायला लागला. मनाला लागलं, पण म्हटलं, बरोबरच आहे, त्या बिचाऱ्याला कशाला लागावं?

आमच्या बेकरीत पिठाच्या टेबलाला फार मान. तिथे उभा राहतो तोच खरा कारागीर, बाकी सगळे हमाल. गोळा तोडला की काट्यावर ठेवायची गरज पडू नये, असा हात लागतो. मुख्य कारागिरांना आम्ही काका म्हणतो. त्यांनी मला आधी झाडू मारायला लावलं, मग ट्रे घासायला, आणि बऱ्याच शिव्या खाल्ल्यावर टेबलावर घेतलं. माझ्याकडे अभिमान वाटावा असं तेवढंच एक होतं.

एका सकाळी मी बाह्या सरसावून टेबलाशी गेलो, तर काका म्हणाले, "आजपासून तू पाकिटं बांध."

"का काका? काय चुकलं?"

"तुझ्या अंगावर काहीतरी उठलंय म्हणे. असा माणूस पिठाला हात लावत नाही, नियम माहीत आहे ना तुला?"

मी दोन्ही हात पुढे केले. "बघा ना, आहे का काही?"

"हातावर नाही रे..." काका खाली बघत म्हणाले. "शेजारचा औषधवाला विचारत होता, तुमच्या त्या पोराचं बरं झालं का म्हणून. तुझ्या भावानेच सांगितलंय त्याला."

सगळे आपापल्या ट्रेमध्ये डोकं घालून उभे होते. कोणीतरी फिसकन हसलं. काकांनी माझ्या जागी वकिलाला बोलावलं. तो आला, गोळे तोडायला लागला, आणि एकदाही मान वर केली नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

खोलीवर आल्यावर मी त्याची गचांडीच धरली. तर म्हणतो कसा, "अरे, तुझ्या भल्यासाठीच विचारलं! औषध नको का? तो पोटात ठेवणार नाही हे मला काय माहीत?" वकीलच तो. बोलता बोलता मलाच कृतघ्न ठरवलं.

मग लाज कोळून प्यायलो आणि डॉक्टरकडे गेलो. वयस्कर माणूस. चष्मा सरकवून त्यांनी नीट पाहिलं आणि चक्क हसले.

"हा आजार नाही बाळा. कातडीची ठेवणच आहे ही. तुझ्या वयाच्या कितीतरी मुलांना असते. कोणाकडून येत नाही, कोणाला लागत नाही. औषध काही नाही, कारण गरजच नाही. फक्त ते घासणं बंद कर, नाहीतर सोलून निघशील."

बाहेर येऊन मी जिन्यावर बसलो आणि ढसाढसा रडलो. एवढंसं ते, आणि त्याच्यापायी महिनाभर जिवाला घोर!

तिथून तडक औषधवाल्याकडे गेलो, चार शब्द सुनवायला. तो उलट मलाच म्हणाला, "भावावर कशाला चिडतोस? किती करतो तुझं! तुमच्याकडे नवा ओव्हन आला ना, तेव्हापासून तुझ्यासाठी मलमं नेतोय. 'मामेभावाला दाणे आलेत, तो लाजतो, कुठे बोलू नका.' मी किती वेळा म्हटलं, डॉक्टरला दाखवा. ऐकतो कुठे!"

ओव्हन आला गेल्या उन्हाळ्यात. माझे दाणे मला दिसले हिवाळ्यात. आणि त्याच्याकडून एकही मलम मला मिळालं नव्हतं.

डोक्यात तिडीक गेली. दाण्यांचं काही नाही हो, ते मलाही होते. पण मी तोंड उघडण्याच्या कितीतरी आधीपासून हा माणूस माझं नाव पुढे करून औषध आणत होता. मी रडकुंडीला येऊन विचारलं, तेव्हा साबण उचलून बाजूला झाला. "मलाही आहेत" एवढं म्हणाला असता, तर त्याच संध्याकाळी आम्ही दोघं डॉक्टरकडे गेलो असतो आणि हसत परत आलो असतो.

बेकरीत गेलो आणि सगळ्यांसमोर काकांना म्हटलं, "डॉक्टरला दाखवलं. मला काहीही झालेलं नाही. लावू का त्यांना फोन?"

काका कानकोंडे झाले. "नको रे बाबा. जा, हात धू आणि ये टेबलावर."

वकिलाचं सगळं तिथेच बोलून टाकावं, असं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

मी हात धूत होतो तर तो मागोमाग आला. हळूच म्हणाला, "नक्की काय म्हणाले रे डॉक्टर? औषध कुठलं दिलं?" ओठ सुकले होते त्याचे. उन्हाळ्यापासून हा माणूस एकटाच भीत बसला होता, आणि खरं सांगतो, मला त्याची दया आली. म्हटलं, एकदाच विचारू. खरं बोलला तर सगळं सांगून टाकू, गळ्यात पडू, विषय संपवू.

"कोणासाठी विचारतोयस?"

मी नळ तसाच वाहू दिला, त्याला वेळ दिला.

"तुझ्यासाठीच की," तो म्हणाला. "आणखी कोणासाठी विचारणार?"

"मग राहू दे," मी म्हटलं. "माझं मला कळलंय."

नळ बंद केला आणि टेबलाशी जाऊन उभा राहिलो.