बॅटरीचं पाणी आणि चिमूटभर मीठ

पेल्यातलं पाणी आधी पिवळं झालं, मग तपकिरी, मग त्यावर हिरवट-काळा तवंग तरंगायला लागला. गर्दीतून "अगं बाई" असा एक लांबलचक उसासा निघाला.

"हे तुम्ही रोज पिता," बुवा म्हणाले. आवाज लोण्यासारखा मऊ. "मी काही बोलत नाही. पाणीच बोलतंय."

दुमडत्या टेबलावर दोन पेले होते. एकात तळावरच्या सार्वजनिक नळाचं पाणी, दुसऱ्यात बुवांच्या तांब्याच्या कळशीतलं. दोन्ही पेल्यांत दोन-दोन सळ्या बुडवलेल्या, सळ्यांच्या वायरी एका खोक्याला, खोक्याची वायर विजेच्या खांबाला. नळाच्या पाण्याचा चिखल झाला होता. कळशीतलं पाणी मात्र काचेसारखं नितळ.

"फरक कशाचा?" बुवांनी विचारलं.

"शिळेचा," सगळे शाळेतल्या पोरांसारखे एका सुरात म्हणाले. त्यांत दोन वकील होते आणि एक भूगोलाचे निवृत्त मास्तर.

नदीकाठच्या त्या मैदानात पंचवीस-तीस घरगाड्या मुक्कामाला होत्या. घरगाडी म्हणजे चाकांवरचा संसार. पुढे चालक, मागे बिछाना, मध्ये हातभर ओटा आणि पायाखाली टाक्या: एक पिण्याच्या पाण्याची, एक संडासाची. बुवांची जीवनशिळा पहिल्या टाकीत सोडायची. मुठीएवढा गुळगुळीत करडा दगड, मलमलीच्या पिशवीत बांधलेला. चाळीस दिवसांत म्हणे पाणी जागं होतं. मग गाळणी नको, उकळणं नको, क्लोरीन नको. गाळणी पाण्याला कैद करते, उकळलं की पाणी मरतं आणि क्लोरीन म्हणजे उघड विष. चाळीस दिवसांच्या आत आपलं आपण तपासायचं नाही, अर्धवट जागं झालेलं पाणी बिथरतं. आणि मीठ तर अजिबात नको, मिठानं पाण्याला गाठी बसतात.

'चाळीस दिवसांनी बुवा कुठल्या तळावर असतील, ते काही शिळा सांगत नाही,' सगळ्यांच्या मागे उभ्या असलेल्या आजीच्या मनात आलं.

आजीनं आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलं होतं. केस उगवणारी तेलं आणि उंची वाढवणाऱ्या पावडरी विकायला आलेल्यांची अशी मऊ भाषणं तिनं गल्ल्यामागे उभं राहून पुष्कळ ऐकली होती आणि त्यांना पाणी पाजून वाटेला लावलं होतं. पण इथे पंचाईत वेगळी होती. बुवांच्या शेजारी, अगदी विजेच्या खोक्याला टेकून, ताठ मानेनं उभा असलेला मुख्य सेवेकरी तिचाच नवरा होता.

घरगाडी घेतल्यापासून घरातले सगळे त्याला कप्तान म्हणत. नोकरीभर त्यानं लोखंडी पूल बांधले आणि सांभाळले. निवृत्त झाल्यावर कोणी काही विचारायला येईना, आणि विचारणाऱ्याची सवय लागलेला माणूस हळूहळू गप्प झाला. बुवांनी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, "साहेब, तुमच्यासारख्या जाणकाराचं मत काय?" झालं. गडी विरघळला. आता रोज दुपारी बुवांच्या सळ्या पॉलिश पेपरनं घासून लख्ख करायची सेवा त्याच्याकडे होती. गाडीतली गाळणी त्यानंच काढून टाकली होती आणि आजीची क्लोरीनची बाटलीही मोरीत ओतली होती.

हे सगळं आजीनं हसण्यावारी नेलं असतं. पण छोटी आजारी होती.

छोटी म्हणजे लेकीची लेक, वय वर्षं सहा, सुट्टीत आजी-आजोबांबरोबर भटकायला आलेली. दोन दिवस तिला जुलाब होत होते. जवळच्या गावातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून बजावलं होतं, "दूषित पाण्यानं झालेलं दिसतंय. पाणी उकळूनच द्या. मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं पाजत राहा, ते थांबवू नका. मुलगी मलूल झाली, लघवी कमी झाली, तर लगेच घेऊन या."

बुवांचं निदान वेगळं होतं. त्यांनी छोटीला दुरूनच पाहिलं आणि म्हणाले, "शुद्धी चाललीय. जुनं विष बाहेर पडतंय. मीठ दिलंत तर आतल्या आत गाठ बसेल."

त्या संध्याकाळी गर्दी पांगल्यावर आजी गाडीत शिरली, तर कप्तान मीठ-साखरेच्या पाण्याचा जग मोरीत रिकामा करत होता.

"अहो, ते तिचं औषध आहे."

"होतं," तो शांतपणे म्हणाला. "तू पाहिलंस ना डोळ्यांनी? चिखल होतो त्या पाण्याचा. माझ्या नातीच्या पोटात मी चिखल जाऊ देऊ?"

तो भांडला असता तर बरं झालं असतं. पण तो अगदी मायेनं बोलत होता, आणि त्याचीच आजीला भीती वाटली. मायेनं चुकणाऱ्या माणसाला अडवायचं कुठून?

"उद्या आणखी मलूल झाली तर?"

"उद्या बरी होईल. बुवा म्हणालेत."

आजीनं दुसरा जग बनवला. तो बिछान्यात, छोटीच्या उशीमागे लपवला. स्वतःच्या नातीला चोरून औषध पाजायची वेळ आली, म्हणून तिला रडू यायला हवं होतं. आला तो राग. आणि रागाच्या पोटी एक प्रश्न. गाळणीवर बुवांचा दात का, ते कळत होतं. गाळणी त्यांची सवत. पण मिठानं या माणसाचं काय घोडं मारलंय?

दुसऱ्या दिवशी दुपारी सळ्या घासून कप्तान आडवा झाला आणि घोरायला लागला. खोकं ओट्यावरच होतं. आजीनं चार पेले मांडले.

पहिल्यात नळाचं पाणी. बटण दाबलं, चिखल. दुसऱ्यात तेच पाणी, उकळून गार केलेलं. चिखल. तिसऱ्यात छोटीचं मीठ-साखरेचं पाणी. ते इतक्या झपाट्यानं काळवंडलं, की बुटाचं पॉलिश वाटावं.

चौथ्या पेल्यासाठी ती खाली उतरली. गाडीच्या एसीतून थेंब थेंब पाणी गळतं, त्याखाली तिनं एक बादली ठेवली होती, पायपुसणी भिजवायला. छपरावरची धूळ त्या बादलीत, एक मेलेला डास त्या बादलीत, आणि सकाळी शेजारच्या गाडीतल्या कुत्र्यानं त्याच बादलीत तोंड घातलं होतं. आजीनं पेला भरला, सळ्या पुसून बुडवल्या, बटण दाबलं.

काही झालं नाही. पाणी नितळ. अगदी कळशीतल्यासारखं.

आजी ओट्याला धरून हसली. आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडात धरावा लागला. मग तिनं सळ्या उजेडात धरून नीट पाहिल्या. चिखलात बुडणारी जोडी खालून बारीक झाली होती, चोखलेल्या लिमलेटच्या कांडीसारखी. नितळ पाण्यातली जोडी मात्र जशीच्या तशी जाड. शेजारी कप्तानचा पॉलिश पेपर पडला होता, तपकिरी भुकटीनं माखलेला. आणि मग तिला कप्तानचीच कुरकुर आठवली. कचरा टाकून आला की तो म्हणायचा, "बॅटरीच्या पाण्याचे कॅन टाकतंय कोण एवढे? इतक्या बॅटऱ्या आहेत कुणाच्या?"

दुकानात तिनं असलं पाणी जन्मभर विकलं होतं. वाफेचं पाणी. त्यात क्षार नसतात, म्हणून बॅटरीला चालतं. एसीतून गळतं तेही तसंच, हवेतल्या वाफेचं.

संध्याकाळी ती पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिली. हातात झाकलेला पेला होता.

"बुवा, माझं पाणी तपासता?"

बुवांनी कप्तानकडे पाहिलं. सेवेकऱ्याची बायको, नाही कसं म्हणणार? सळ्या बुडाल्या, बटण दाबलं. पाणी ढिम्म. गर्दीत कौतुकाची कुजबुज झाली.

"पाहा," बुवांचे डोळे अर्धे मिटले. "चाळीस दिवस व्हायच्या आधीच जागं झालं. भाव असला की असं होतं. या पाण्यात मला शिळेचा स्पर्श स्पष्ट दिसतोय."

"दिसतोय ना नक्की?"

"स्वच्छ."

"आमच्या एसीखालच्या बादलीतलं आहे," आजी म्हणाली. "सकाळी त्यात कुत्र्यानं तोंड घातलं होतं. त्याचाच स्पर्श असेल. घ्या, प्या ना. जागं आहे."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. बुवांनी पेल्याला हात लावला नाही.

"ताई, शिळेच्या लहरी गाडीभर पसरतात. एसी काय, बादली काय..."

"आणि कुत्रं काय. बरं, माझं राहू द्या. तुमच्या कळशीतल्या पेल्यात मी एक चिमूट घालते." तिनं खोक्याचं बटण बंद केलं आणि मुठीतली पुडी उघडली.

बुवांनी झटकन पेल्यावर तळहात ठेवला. "मीठ नको." पहिल्यांदाच त्या आवाजातलं लोणी गेलं होतं.

"का?"

"पाणी दुखावतं."

तेवढ्यात एक बाई पुढे आली. पलीकडच्या गाडीतली, जुळ्यांची आई. तिची दोन्ही पोरं कालपासून छोटीसारखीच पडून होती. तिनं बुवांचं मनगट धरलं.

"हात काढा. तुमच्या शब्दावर मी माझ्या पोरांचं मीठ-साखरेचं पाणी बंद केलंय. मला बघू दे काय होतं ते."

हात निघाला. चिमूटभर मीठ पडलं. आजीनं नितळ पेल्यातल्या त्याच सळीनं ढवळलं आणि बटण दाबलं. बुवांचं जागं पाणी पिवळं झालं, तपकिरी झालं आणि त्यावर हिरवट-काळा तवंग आला.

आता कोणी "अगं बाई" म्हणालं नाही.

"मिठात विष नाही, नळातही हे विष नाही," आजी म्हणाली. "क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते. वीज वाहिली की या लोखंडी सळ्या झिजतात आणि झिजलेलं लोखंड पाण्यात उतरतं. कळशीत बॅटरीचं पाणी आहे. त्यात क्षार नाहीत, वीज जात नाही, सळी झिजत नाही. मिठाशी वैर आहे ते एवढ्याचसाठी. कॅन कचऱ्यात पडलेत, मोजून या."

"ही श्रद्धेची गोष्ट आहे," बुवा खोक्याची वायर गुंडाळत म्हणाले. "तुमच्या घरातल्या जाणकारांनाच विचारा."

सगळ्यांनी कप्तानकडे पाहिलं. त्यानं चिखलाच्या पेल्यातून सळी उचलली. नखानं खरवडली, बोटांत चुरली, नाकाशी नेली. पुलाच्या खांबाशी उभा राहून तो असंच करायचा, आजीनं शेकडो वेळा पाहिलं होतं.

"गंज आहे," तो म्हणाला. "साधा गंज. आयुष्यभर मी हाच खरवडत आलो. आणि इथे महिनाभर रोज दुपारी..."

त्यानं सळी टेबलावर ठेवली. आजीला वाईट वाटलं, पण गर्दीसमोर तिनं त्याला सावरलं नाही. बुवांची गाडी अंधार पडायच्या आत तळाबाहेर होती. वकिलांनी शिळा परत केल्या नाहीत. "असू दे टाकीत, अपाय तर नाही," असं म्हणणारे चारजण होतेच. स्वतः फसलो, हे कबूल करण्यापेक्षा दगडाचं पाणी प्यायला तयार असणारी माणसं जगात कमी नाहीत. बुवांचं पोट त्यांच्यावरच चालतं.

गाडीत आल्यावर कप्तान खाली मान घालून बसला.

"एक राहिलंय सांगायचं. आपली पांढरी नळी बुवांनी मागितली, मी दिली. मग पिण्याची टाकी करड्या नळीनंच भरत होतो."

पांढरी नळी पिण्याच्या पाण्याची. करडी संडासाची टाकी धुवायची. घरगाडीतला पहिला नियम, त्यानंच दोन्ही नळ्या टांगायला वेगवेगळे खिळे ठोकले होते.

"शिळा आहे म्हटल्यावर मला वाटलं, चालतंय."

बोलण्यासारखं खूप होतं. तिनं फक्त म्हटलं, "उठा. टाकी रिकामी करायचीय."

टाकी रिकामी झाली. क्लोरीनचं पाणी भरून रात्रभर ठेवलं, सकाळी नव्या नळीनं खळखळून धुतली. गाळणी परत बसली, आणि कप्तानला तिनं ऐकवलं, की गाळणीलाही देव करू नका: ती गाळ आणि वास काढते, सगळे जंतू नाही. पोरीचं पाणी उकळूनच. जुळ्यांच्या आईला दोन जग भरून दिले आणि डॉक्टरीणबाईंकडे आपल्याच गाडीतून धाडलं. कप्तान चालवत होता. शिळा चाकाखाली अडवण म्हणून ठेवली, तिथे ती खरंच उपयोगी पडते.

दोन दिवसांनी छोटी उठून बसली. उशीला टेकून मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पीत होती.

"आजी, मी ते चिखलाचं पाणी प्यायले होते?"

"नाही गं. तू स्वच्छ दिसणारं प्यायलीस."

"मग आजारी कशी पडले?"

आजीनं कप्तानकडे पाहिलं. तो दारात बसून दोन नळ्यांवर रंगानं मोठ्या खुणा करत होता.

"जे आजारी पाडतं ते डोळ्यांना दिसत नाही, आणि जे डोळ्यांना दाखवतात ते खरं असेलच असं नाही," तोच म्हणाला. "म्हणून विचारायचं. कसं झालं, कशानं झालं, पुन्हा करून दाखवा म्हणायचं. मलाही विचारायचं बरं का, छोटी."

"आणि ज्यानं विचारू नका म्हटलं?"

"त्याच्या पेल्यात," आजी म्हणाली, "आधी मीठ टाकून बघायचं."