बर्डीच्या स्टुडिओतलं झाड

माह्या गिरिधरले पहिल्याच फोटोत होकार आला, अन् मले तवाच वाटलं का यात काहीतरी काळंबेरं आहे.

पोरगा माहा वाईट नाही. कोराडीच्या थर्मल वीजघरात स्टोअरले नोकरी, राहाले क्वार्टर, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पण लहान असताना मामाच्या घरी कडबा कापाच्या मशीनमधे डावा हात गेला अन् तीन बोटं तुटली. लग्नाचं काढलं तवापासून जे स्थळ येई ते पोहे खाई, चहा पिई, पोराचा हात पाही, अन् 'घरी विचारून कळवतो' म्हणून चालतं होई. घरी काय विचारता गा, सारं घर तं इथी बसून पोहे खाऊन राहिलं होतं! म्हणून दिवाळीत मीच त्याले म्हटलं, बर्डीच्या बाजारात जा, स्टुडिओतला कोट घाल, हात खिशात ठेव अन् चांगला फोटो काढून आण. बोटं आहेत असं आपण कुठी म्हणून राहिलो? हात खिशात आहे, बस.

"माय, लग्न झाल्यावर का कोट घालूनच राहू?" तो म्हणे.

"आधी लग्न तं होऊ दे," मी म्हटलं. तो कुरकुरत गेला अन् फोटो काढून आला.

बाबनराव म्हणून आमच्या समाजातले एक जण स्थळं जुळवतात. त्यायनं तो फोटो पाचपावलीत नत्थूजी कोष्टी यायच्या घरी दाखवला. नत्थूजीकडं घरी एक हातमाग उरलेला, अन् पुष्पलता नावाची मॅट्रिक झालेली पोरगी. आठवडा नाही झाला तं बाबनराव हसत हसत दारात. "पोरीले पसंत आहे. रविवारी पाहाले या," म्हणे, अन् तिचा फोटो माह्या हातात ठेवला.

मी फोटो पाह्यला अन् माहं डोकंच फिरलं. नाक सरळ, डोळे मोठे, वेणी कमरेपर्यंत. अशी पोट्टी माह्या घरी काहून येऊन राहिली? हिच्यात असं काय कमी आहे, जे फोटोत दिसून नाही राहिलं? मी स्वतः पोराचा हात खिशात लपवला होता, म्हणून मले साऱ्या दुनियेचे खिसे दिसून राहिले होते.

त्यात शेजारच्या शोभाताईनं फोटो पाह्यला अन् बोट ठेवलं. पोरीच्या बाजूले एक झाड होतं, त्यावर कापूस, चांदीच्या चकत्या, वर चांदणी. "अवं रुख्माबाई, हे तं ख्रिस्ती लोकायचं नाताळचं झाड! कोष्ट्याच्या पोरीजवळ हे काहून?"

"स्टुडिओतलं आहे ते," गिरिधर आतून ओरडला. "नाताळात ठेवतात फोटोसाठी."

"तुले काय माहीत?"

तो बाहेर आला. मंग फोटो घेऊन आत गेला तं बाहेरच येईना. आजवर किती पोरींचे फोटो आले, त्यानं एकाकडं धड पाह्यलं नव्हतं, अन् हिचा फोटो जेवतानासुद्धा बाजूले. मले काही ते बरं दिसलं नाही.

मी कोणाले काही सांगतलं नाही. नाताळ दोन-चार दिवसांवर होता. गिरिधर ड्यूटीवर गेला अन् मी पोरीचं काही समजते का पाहाले बस धरून बर्डीवर आली. फोटोच्या मागं स्टुडिओचा शिक्का होता, गिरिधरच्या फोटोवर होता तोच. त्यात काही नवल नाही, आमच्याकडचं जो तो तिथंच फोटो काढते.

स्टुडिओ वरच्या मजल्यावर. मी गेली तं समोर कोणीच नाही. फोटो धुवाच्या खोलीचं दार बंद, त्याच्यावर लाल बल्ब जळून राहिलेला, अन् आतून माणसाचा अन् बाईचा हसाचा आवाज. मी बाकावर टेकली, पदर सावरला. म्हटलं, सापडलं! फोटोतली पोट्टी हीच असंल, अंधाऱ्या खोलीत बाप्या माणसासंग दात काढून राहिली, मंग बापाले घाई का नाही होईन? लंगडं, लुळं, जे भेटंल त्याच्या गळ्यात बांधाले निघाला.

दार उघडलं. स्टुडिओवाले मधुसूदन ओले हात पुसत बाहेर आले, अन् त्यायच्या मागून पांढऱ्या केसाची एक बाई, पाणी गळणारा फोटो चिमट्यात धरून. "ही आमची मंडळी, यमुताई," मधुसूदन म्हणाले. खोटं काहून बोलू, मले थोडं वाईटच वाटलं.

"फोटो काढाचा आहे," मी म्हटलं. नाव खोटं सांगतलं, चंद्रकला.

"परद्याच्या आत बसा. झाड सजून राहिलं, तवर मी कॅमेरा तयार करतो."

परदा सारला तं तीच पोट्टी! स्टुलावर उभी राहून झाडाले जरीचे तुकडे बांधून राहिली होती. फोटोतल्यापेक्षा सावळी होती, पण पोरगी तीच. मी लगेच तिचे पाय पाह्यले, हात पाह्यले, बोलते कशी ते ऐकलं. सारं धड होतं. मंग तं माहा संशय अजूनच वाढला.

झाड म्हणजे सुरूची मोठी फांदी, रेतीच्या डब्यात रोवलेली. मी तिच्या भोवती फिरली. समोरून इतकं चकाचक, अन् मागून पाह्यलं तं काहीच नाही! सुकल्या काड्या अन् फांदी बांबूले सुतळीनं बांधलेली.

"मागून तं उघडं आहे वं हे!"

"मागचं फोटोत येत नाही मावशी," ती म्हणे. "जे दिसत नाही ते कशाले सजवाचं?"

मले ठसकाच लागला. तिनं खाली उतरून पाणी देल्लं.

"अन् लाल कागद काहून नाही लावला? नाताळ म्हटलं का लाल पाह्यजे."

"लाल रंग काळ्या-पांढऱ्या फोटोत काळा येते. चांदी अन् जर चमकते. ही जर आमच्या घरच्या मागावरची आहे, तुटके धागे."

"तुम्ही ख्रिस्ती का?"

"नाही, कोष्टी. सदर वस्तीतले, कामठीचे ख्रिस्ती लोक येतात नाताळात फोटोले. पण आता सारेच म्हणतात, आम्हाले झाडाजवळ उभं करा."

"अन् तुहा फोटो काहून काढला झाडाजवळ?"

निघून गेलं तोंडातून! मी जीभ चावली, पण काय उपयोग. तिच्या हातातली जर तशीच राहिली. ती माह्याकडं पाहत उभी.

"मागच्या नाताळात मधुसूदनकाकानं उजेड पाहाले माह्यावरच काढला होता, तोच घरी होता," ती हळूच म्हणे. "पण तो तुम्ही कुठी पाह्यला?" मंग अजून जवळ आली. "तुम्ही गिरिधररावांच्या माय आहात."

"कशावरून वं?"

"मी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवते, चेहऱ्याचे डाग काढाले. ह्याच भुवया मी त्यायच्या निगेटिव्हवर एक दुपारभर पाह्यल्या आहेत."

मी मटकन फोटोच्या खुर्चीवर बसली.

"हाताचं मले माहीत आहे, मावशी. खिशात मीच ठेवला. मधुसूदनकाका कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्याखाली होते अन् हात घडीघडी बाहेर येऊन राहिला होता. गिरिधरराव म्हणाले, राहू द्या बाहेर, पाहाचं त्यानं पाहावं. मंग स्वतःच म्हणाले, नाही, माय नाराज होईन. मी परद्यातून बाहेर आली, हात धरला अन् खिशात ठेवून देल्ला." तिनं मान खाली घातली. "हे माह्या बाबाले सांगू नका. गिऱ्हाइकासमोर यायची मले मनाई आहे. झाड सजव, पेन्सिल फिरव, एवढंच. त्यायले समजलं का मी एका माणसाचा हात धरला, तं हे कामही बंद अन् हे स्थळही."

दुसरी बाई असती तं विरघळली असती. माहं डोकं तापलं. "म्हणजे दोघायनं आधीच ठरवून ठेवलं!"

"एक शब्द बोललो नाही आम्ही."

"मंग होकार काहून देल्ला?"

"त्यायले हात लपवाचा नव्हता अन् मायचं मनही मोडाचं नव्हतं. असा माणूस मले आवडला." असं सरळ तोंडावर म्हणे ती! अन् वरून, "पण रविवारी त्यायनं हात बाहेर ठेवून यावं. माह्या बापाले फसवून मी तुमच्या घरी येणार नाही."

सून झाली नाही अन् हुकूम सुरू! मी फोटो न काढताच जिना उतरली. संध्याकाळी गिरिधरले धरलं.

"तुले ती पोरगी माहीत होती, मले सांगतलं काहून नाही?"

"तू संशय घेतला असता."

"मंग, घेतलाच नं!"

रात्री पडल्या पडल्या लय विचार केला. पोरगी तं मले आवडली होती, हे मी त्याले काही सांगतलं नाही. पण एवढी चांगली पोरगी पुन्हा येणार नाही, हे मले कळत होतं, अन् ती हातातून जाईन म्हणून भीती वाटत होती.

रविवारी आम्ही पाचपावलीत गेलो; मी सांगतलं तसा गिरिधर पांढरा सदरा घालून बसला, हात मांडीवर उघडा. नत्थूजीनं हात पाह्यला अन् मंग बाबनरावाकडं पाह्यलं. बाबनराव छताकडं पाहाले लागले. तेवढ्यात पुष्पलता पोह्याचं ताट घेऊन आली.

"हाताचं आम्हाले कोणी सांगतलं नाही," नत्थूजी म्हणाले.

"म्हणून तं दाखवाले आलो," मी म्हटलं.

"पुष्पे, तू फोटो पाहून हो म्हटलं होतं. आता हात पाह्यला नं? बोल."

"मले माहीत होतं, बाबा."

अवं माय वं, असं खरं बोलते का कोणी! मले वाटलं उठून तिच्या तोंडावर हात ठेवावा. नत्थूजीचा चेहरा पाहता पाहता बदलला. "माहीत होतं? कुठून? कोणी सांगतलं? स्टुडिओत भेटली का याले? परद्याच्या बाहेर आली का तू?"

पोरीच्या हातातल्या ताटात वाट्या वाजून राहिल्या होत्या. अन् इकडं माहा भोळा सांब तोंड उघडून राहिला! त्यानं खरं सांगतलं असतं, मले पक्कं माहीत. अन् खरं सांगतलं असतं तं तिच्या घरात तिचं तोंड काळं अन् माह्या घरात सून नाही.

"मी सांगतलं!" मी इतक्या जोरात ओरडली का बाबनराव दचकले. "मी गेली होती स्टुडिओत. खोटं नाव सांगून गेली, तुमची पोरगी कशी आहे ते हुडकाले. हाताचं मीच सांगतलं तिले. ती बिचारी परद्यामागं झाड सजवून राहिली होती, बाहेर पाऊल नाही टाकलं तिनं. मधुसूदनजीले विचारा, मी आली होती का नाही."

"तुम्ही? संशय घेऊन?"

"हो, संशय घेऊन. मले सवय आहे त्याची."

नत्थूजी माह्याकडं पाहत राहिले. मंग पोरीकडं. मंग परत गिरिधरकडं. त्यायचं समाधान झालं नव्हतं, ते मले दिसून राहिलं होतं. ती नजर मी चांगली ओळखते, माहीच आहे ती.

"पण बाई, तरीसुद्धा..."

"तरीसुद्धा काय नत्थूजी! ह्या पोरीवर संशय घ्यायचा असंल तं मी घेईन. माह्या घरी नेऊन रोज घेईन, दोन टाइम घेईन. तुम्ही आता सोडा तिले."

गिरिधरनं उठून तिच्या हातातलं ताट धरलं, दोन्ही हातांनी, सगळ्यायच्या समोर. नत्थूजीनं ते पाह्यलं अन् डोळ्यावरचा चष्मा काढून धोतरानं पुसला.

"मंग घेऊन जा बाई," ते म्हणाले. "मी एकटा पुरा थकलो या संशयाच्या कामानं."