कोणती सुई?

बाकं भरली होती, खिडक्यांचे कठडे भरले होते, आणि उरलेली माणसं भिंतीला टेकून उभी होती. सगळ्यांच्या माना एका हिरव्या पडद्याकडे वळलेल्या. पडद्यामागून दमदार आवाज आला, "उठा! उठा म्हणतो ना!" आणि थोड्या वेळापूर्वी मुलाच्या खांद्यावर लोंबकळत आत गेलेला शिंपी ताठ कण्याने बाहेर आला.

"सुईने गुण आला!" तो ओरडला.

टाळ्या पडल्या. शिंप्याला सुईनेच गुण यावा, याचं मला हसू आलं. पण हसणारी मी एकटीच निघाले.

मी मालवाहतूक कचेरीत आवक-जावक सांभाळते. कोणतीही वस्तू समोर आली की ती कुठून आली हे विचारण्याची मला खोड आहे. थोरल्या जाऊबाईंना घेऊन मी या संयुक्त उपचार केंद्रात येऊ लागले, तेव्हा ती खोडही बरोबर आली. इथे एका बाजूला परिचारिका, औषधं, मलमपट्टी. दुसऱ्या बाजूला पडद्यामागे अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचणारे सुईमास्तर. दोन्ही मिळून रुग्णाला आराम पडावा, ही कल्पना. कल्पना वाईट नव्हती. हिशेब मात्र असा बसला होता, की राबणं एका खात्यावर आणि कौतुक दुसऱ्यावर.

मास्तर बोलायला पक्के. "वेदना म्हणजे काय हो? तुंबलेलं पाणी! मी फक्त मोरी उघडतो. मिटा डोळे. निघाली बघा... गुडघ्यात आली... घोट्यात आली... गेली!" वेदनेला त्यांनी स्वतः गाडीत बसवून दिल्यासारखं ते सांगत. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "ज्याच्या अंगात माझी सुई, त्याला दुसरी सुई कशाला?" यावर सगळे खूश होऊन हसत. जाऊबाईसुद्धा.

जाऊबाईंना मधुमेह. डाव्या तळव्याला जखम. रोज सकाळी न्याहारीआधी घरी इन्सुलिन टोचून घ्यायचं, मग केंद्रात जखम धुऊन पट्टी बांधायची. त्या मास्तरांकडे जायला लागल्या आणि काही दिवसांत पायाची आग थांबली.

"अगं, पाय इतका हलका झालाय, आहे की नाही तेच कळत नाही!"

सगळ्या घराला आनंद. रागावल्या त्या फक्त केंद्रात पट्टी बांधणाऱ्या मोठ्या सिस्टर. "आजी, दुखत नाही हीच तर भीती आहे. तुमच्या नसा बधिर झाल्यात. जखम तशीच आहे."

"या बाईला आपलं बरं झालेलं बघवत नाही," जाऊबाई माझ्या कानात म्हणाल्या. कान सिस्टरांनाही होते.

सिस्टरांना आणखी एक गोष्ट खुपत होती. मास्तरांनी पहिल्यापासून नियम घातला होता, की दुखणाऱ्या रुग्णाला सिस्टरांनी आधी वेदनाशामक इंजेक्शन द्यायचं, थोडा वेळ बाकावर बसवायचं आणि मगच पडद्याआड पाठवायचं. का, तर रुग्ण शांत पडून राहतो. सिस्टर केंद्राच्या डॉक्टरांशी बोलल्या. एका सकाळी रुग्णांना सांगून-सवरून क्रम उलटा केला: आधी मास्तर, नंतर इंजेक्शन, कुणाला सोसवलं नाही तर सिस्टर पडद्याआड जाऊन देणार.

त्या सकाळी पडद्यामागची मोरी काही उघडली नाही. "गुडघ्यात आली..." मास्तर म्हणाले. "तिथेच आहे हो!" आतून एक गवंडी कळवळला. शिंपी जसा वाकडा गेला तसाच वाकडा बाहेर आला. सिस्टरांनी इंजेक्शन दिलं. हळूहळू तो बाकावर सरळ होऊन बसला.

डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "बघितलंत? आराम या औषधाचा आहे. औषध चढायला वेळ लागतो, आणि तो वेळ भरायचा तेव्हा तुम्ही पडद्याआड असायचात. सुयांनी कुणाला थोडं बरं वाटतही असेल, ते नीट तपासून बघू. पण हा चमत्कार नव्हे, वेळापत्रक आहे."

मला वाटलं, झालं, आता पडदा फाटणार.

"आज तुमचा विश्वास डळमळला," मास्तर शांतपणे म्हणाले. "संशयाच्या हवेत सुई चालत नाही."

"खरंय," शिंपी म्हणाला. इंजेक्शनाने सरळ झालेल्या त्याच कण्याने म्हणाला. "सिस्टर, तुम्ही उगाच मध्ये पडलात."

माना डोलल्या. मी मोजायला गेले नाही. न डोललेली मान शोधणं सोपं होतं.

सिस्टर जाऊबाईंकडे वळल्या. त्या भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. ओठ कोरडे, अंग तापलेलं. पट्टी सोडताच वास आला. जखमेची कड काळी पडली होती.

"आजी, सुई झाली का?"

"झाली की."

हाच प्रश्न माझा पुतण्या आईला रोज कामावरून फोन करून विचारायचा. मीही विचारायचे. रोज तेच उत्तर. खोटं बोलणं जाऊबाईंच्या स्वभावात नाही.

सिस्टर थबकल्या. "कोणती सुई?"

"कोणती म्हणजे? मास्तरांची."

"आणि घरची? इन्सुलिनची?"

"ती सोडली. यांची चालू झाल्यावर ती कशाला?"

सिस्टरांनी बोटातून थेंब घेऊन साखर मोजली. यंत्राने आकडा दाखवलाच नाही. त्याच्या मापाबाहेर साखर गेली, की ते 'हाय' एवढंच लिहितं. यंत्रानेच हाय खाल्ली होती, तिथे आमचं काय!

मास्तर पडद्याशी उभे होते. "इन्सुलिन बंद करा असं मी कधी म्हटलं? म्हटलं का कुणी ऐकलं?"

कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी म्हटलंच नव्हतं. त्यांनी फक्त एक मजेदार वाक्य म्हटलं होतं, आणि आमच्या भाषेत इंजेक्शनही सुई आणि तीही सुई.

मोठ्या रुग्णालयात जाऊबाईंचा जीव वाचला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पुतण्या पलंगाशी बसून नुसतं म्हणत राहिला, "काकू, मी रोज विचारत होतो गं." मी त्याची पाठ थोपटत राहिले.

शुद्धीवर आल्यावर जाऊबाईंनी माझा हात पकडला. "डाव्या पायाची बोटं फार दुखतायत गं."

डॉक्टर म्हणाले, असं होतं. पाय गेला तरी मेंदू त्याच्याकडून निरोप घेतच राहतो, त्यावर औषध देऊ. मी हे त्यांना समजावून सांगितलं. दोनदा सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते राहू दे. मास्तरांना बोलाव. ते काढतील."

केंद्रातला पडदा अजून तसाच आहे, गर्दीही. मी कुणाला तिथून उठवू शकत नाही. एवढंच सांगते: कुणी काहीही टोचो, पाजो, चोळो, आधी विचारा, हे नेमकं काय आहे आणि याच्यासाठी मी काय बंद करतोय? नीट उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरांनी चालू केलेलं औषध सोडू नका. विचारताना वाईट वाटेल, समोरचा रागावेल, लोक हसतील. हसू देत. दोन पायांवर उभं राहून ऐकता येईल.