सॉसमध्ये साडेचार

योगिनी गांगुर्डेला सॉस बनवण्यात पाचपैकी साडेचार गुण मिळाले आणि ही बातमी तिला मोबाइलवरच कळली, कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर सृष्टीबरोबर डबा खाताना.

"मला होलंडेज सॉस येतो म्हणे," ती म्हणाली.

सृष्टीने आपला मोबाइल पुढे धरला. "मला वाइन सर्व्हिसमध्ये पाच. अख्खे पाच! बाटली उघडायचा स्क्रू मी अजून हातातसुद्धा धरलेला नाही."

दोघी पोट धरून हसल्या. मग सृष्टीने खालचं हिरवं 'सहमत' बटण दाबलं, शेवटचा घास तोंडात टाकला आणि हात धुवायला गेली. योगिनी तशीच मोबाइलकडे बघत बसली.

दोघी नाशिकच्या एका हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाला होत्या आणि द्वारका चौकाजवळ एकाच खोलीवर राहत होत्या. नुकतंच त्यांचं ट्रेनिंग संपलं होतं. गंगापूर धरणाच्या बाजूचं एक रिसॉर्ट, सतरा आठवडे, अकरा मुलं. ठरलेलं असं की चार आठवडे किचन, चार हाउसकीपिंग, चार फ्रंट ऑफिस आणि पाच सर्व्हिस. पण ऐन लग्नसराई होती. या दोघींना पहिल्याच दिवशी लग्नाच्या हॉलमागच्या बोळात नेलं आणि सतरा आठवडे त्या तिथेच राहिल्या. गरम पाण्यात व्हिनेगर टाकायचं, ग्लास त्याच्या वाफेवर धरायचा, कोरड्या फडक्याने पुसायचा. एका लग्नाला नऊशे ग्लास. त्यांच्या वर्गातला साई खुर्च्यांना पांढरी कापडं चढवून मागे सॅटिनची गाठ मारायचा. बाकीची मुलंही अशीच कुठे कुठे अडकवलेली. योगिनीने दोनदा मॅनेजरला विचारलं, "सर, किचन कधी?" दोन्ही वेळा उत्तर एकच आलं, "पुढच्या आठवड्यात बघू."

पूर्वी ट्रेनिंगची वही असायची. रोज काय केलं ते लिहायचं, शेफची सही घ्यायची. यंदापासून कॉलेजने ते सगळं ॲपवर नेलं. गेटवर सेल्फी काढला की हजेरी लागायची आणि पुढचं ॲप स्वतःच करायचं. चार आठवडे भरले की 'किचन पूर्ण', आणखी चार भरले की 'हाउसकीपिंग पूर्ण'. शेवटी रिसॉर्टच्या ऑफिसातून कुणीतरी एकदा 'सर्वांना मंजूर' असं दाबलं की गुण भरले जायचे. मग विद्यार्थ्याने सहमत म्हणायचं. कॉलेजच्या लॉबीत त्यासाठी मोठा स्क्रीन लावला होता. त्यावर प्रत्येक विद्यार्थ्याचा एक चौकोन, सहमत झालेला हिरवा आणि न झालेला लाल.

शुक्रवारपर्यंत एकच लाल उरला.

ॲपचं काम बोडके सरांकडे होतं. योगिनी त्यांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, मला असहमत म्हणायचंय. ते कुठे दाबायचं?"

"तसं बटण नाहीये."

"मग दुरुस्ती कुठे मागायची?"

"तेही नाही." सरांनी तिला खुर्ची दिली. माणूस वाईट नव्हता. मुलांशी नीट बोलायचे, मुलाखतीच्या आधी टाय बांधून द्यायचे. "अगं, ही नुसती पोच आहे. एक टिचकी मारायची आणि मोकळं व्हायचं."

"सर, मी सतरा आठवड्यांत किचनमध्ये पाऊल ठेवलेलं नाही."

"सगळीकडे असंच असतं गं. मी ट्रेनी होतो तेव्हा तीन महिने नुसते बटाटे सोलले."

"मग तुमच्या वहीत काय लिहिलं होतं?"

"बटाटे," ते म्हणाले.

"मग माझ्यापुढे ग्लास लिहा."

"ॲपच्या यादीत ग्लास पुसणं नाहीये, योगिनी."

तिला खरा राग आला तो इथे. न केलेल्या कामाचे गुण मिळाले हे एक झालं. पण जे केलं होतं, बोटांची सालं निघेपर्यंत केलं होतं, त्याला या यादीत जागाच नव्हती. सतरा आठवडे ती त्या बोळात उभी होती आणि ॲपच्या हिशेबी तिथे कुणी नव्हतंच.

"मग मी दाबणार नाही," ती म्हणाली.

"टर्म ग्रँट होणार नाही. परीक्षेला बसता येणार नाही तुला."

"बरं," ती म्हणाली आणि उठली.

खोलीवर सृष्टीने तिला खूप समजावलं. सृष्टीला गोव्याच्या एका हॉटेलात मेपासून नोकरी मिळाली होती, पत्रही आलं होतं. "इथे कोण बघतंय सॉस? तिकडे गेलं की शिकवतात सगळं. तू उगाच ताणतेयस." योगिनीने ऐकून घेतलं, पण मोबाइल हातात घेतला नाही.

सोमवारी प्राचार्या देवरे मॅडमनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. नाथा गांगुर्डेंचं चांदवडला हायवेवर छोटं हॉटेल होतं. चहा, मिसळ, दुपारी भाकरी-पिठलं. ट्रकवाले थांबायचे. फोनवर त्यांनी लेकीला आधीच सांगितलं होतं, "दाबून टाक ना बाई, काय व्हतंय." ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

"गुरुवारी आमच्याकडे मूल्यांकन समिती येतेय," मॅडम म्हणाल्या. "आमचं कॉलेज शंभर टक्के डिजिटल आहे, हे आम्ही दाखवणार आहोत. एका मुलीमुळे ते अडलंय. तुम्ही वडील आहात, समजवा तिला."

"व्हय," नाथा म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "मॅडम, तिला त्यो सॉस येतो का?"

"प्रश्न तो नाहीये. ही प्रक्रिया आहे."

"नाय, पण येतो का?"

"शिकेल ती पुढे."

"माझ्याकडं भट्टीवर माणूस ठेवायचा असला तर मी त्याला आधी उलथनं देतो हातात. म्हणतो, कर बाबा. कागद नाय बघत मी." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "मी माझ्या पोरीला हितं शिकाया धाडलं. ती म्हनती शिकवलं नाय. आन तुम्ही म्हनता, शिकवलं असं म्हन. हे कसं काय?"

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "गुरुवारी तिला कॉलेजला पाठवू नका."

बाहेर गेटपाशी वडील म्हणाले, "मला इचारशील तर अजूनबी वाटतं दाबावं. वरीस जाईल तुझं. पर मी काय तुझा हात धरून दाबनार नाय." चांदवडची बस लागली होती. ते चढले आणि खिडकीतून ओरडले, "जेवत जा येळेवर!"

गुरुवारी योगिनी कॉलेजला गेली. युनिफॉर्मला कडक इस्त्री, केसांना जाळी, बूट चकचकीत. गेटवरच्या वॉचमनला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. लॉबीत मुलं दोन रांगांत उभी होती. ती मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली. बोडके सरांनी तिला पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

समितीत तिघं होते. त्यांतल्या एक बाई साठीच्या असतील, केस बारीक कापलेले, हातावर भाजल्याचे जुने डाग. मोठ्या हॉटेलांच्या किचनमध्ये आयुष्य गेलेल्या. देवरे मॅडम त्यांना स्क्रीन दाखवत होत्या, हिरवे चौकोन कसे वाढत गेले ते सांगत होत्या.

"हा एक लाल कोण?" बाईंनी विचारलं.

"टेक्निकल इश्यू आहे, मॅडम. एका मुलीचा डेटा सिंक व्हायचा राहिलाय."

योगिनी रांगेतून पुढे आली. ती स्क्रीनसमोर उभी राहिली.

"मॅडम, तो चौकोन माझा आहे. डेटा सिंक झालाय. मी सहमत नाही."

"कशाशी?"

"मला सॉसमध्ये साडेचार दिलेत. मला सॉस येत नाही. मी सतरा आठवडे ग्लास पुसलेत."

देवरे मॅडम हसून म्हणाल्या, "ही मुलगी जरा तणावात आहे—"

"असू दे," बाई म्हणाल्या. त्या स्क्रीनजवळ गेल्या, चष्मा वर करून एकेका चौकोनावर बोट लावून आतले गुण बघू लागल्या. "अंड्यांच्या पदार्थांत सगळ्यात जास्त गुण कुणाला आहेत? चार पूर्णांक आठ. साई. कोण साई? चला, किचनमध्ये."

सगळी वरात कॉलेजच्या ट्रेनिंग किचनमध्ये गेली. बाईंनी साईसमोर पॅन ठेवला. "फ्रेंच ऑम्लेट. आतून मऊ, बाहेरून पिवळंधमक, तपकिरी डाग पडता कामा नये. ज्याला चार पूर्णांक आठ आहेत त्याने हे डोळे मिटून करावं."

साईने दोन अंडी फोडली. कवचाचा तुकडा आत पडला, तो काढण्यात वेळ गेला. गॅस मोठा होता. लोणी आधी फसफसलं, मग काळं पडलं. धूर निघायला लागला. साईने एकदा देवरे मॅडमकडे पाहिलं, एकदा योगिनीकडे. मग हात पुढे करून गॅस बंद केला.

"मॅडम, मला हे येत नाही," तो म्हणाला. "मला खुर्चीला कापड घालता येतं. अकरा सेकंदांत, गाठीसकट. बघायचं असेल तर दाखवतो."

कुणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. "दाखवा," त्या म्हणाल्या.

साईने कोपऱ्यातली खुर्ची ओढली, रॅकवरून टेबलक्लॉथ घेतला, ॲप्रन काढून त्याची पट्टी केली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. कापड हवेत फुगलं, खुर्चीवर बसलं, कोपरे आत गेले आणि मागे ताठ, सुबक गाठ उमटली.

"बारा," बाई म्हणाल्या.

"कापड मोठं होतं," साई म्हणाला.

मग एकेक जण बोलायला लागला. एक मुलगी म्हणाली, मी पार्किंगमध्ये कुपनं वाटत होते. एकाने सांगितलं, मी फुलांच्या कमानी उचलत होतो आणि मला फ्रंट ऑफिसमध्ये साडेचार आहेत. आवाज वाढत गेले. सृष्टी शेवटच्या ओट्याला टेकून उभी होती. ती ओट्यावरच्या फडक्याची घडी घालत राहिली.

समितीने अहवालात काय लिहिलं ते मुलांना कुणी वाचून दाखवलं नाही, पण परिणाम पंधरा दिवसांत कळला. अकराही जणांचं ट्रेनिंग रद्द. दुसऱ्या हॉटेलात, सुट्टीत, पुन्हा करायचं. त्या रिसॉर्टने कळवलं की यापुढे या कॉलेजची कटकटी मुलं आम्हाला नकोत. लॉबीतला स्क्रीन तिथेच राहिला. ॲपमध्ये 'प्रत्यक्ष केलेलं काम' अशी एक रिकामी चौकट आली आणि सहमतच्या शेजारी असहमत आलं. देवरे मॅडम जिन्यात योगिनी दिसली की फोनवर बोलायला लागायच्या.

बोडके सरांनी एकदा तिला थांबवलं. "ॲप तयार करताना कंपनीने मला विचारलं होतं, विद्यार्थ्याला काय काय दाबता आलं पाहिजे," ते म्हणाले. "मी एकच बटण सांगितलं. दुसरं सुचलंच नाही मला."

"आता सुचलंय ना, सर," योगिनी म्हणाली. तिला त्यांची थोडी दया आली, पण ती तिने दाखवली नाही.

सृष्टीचं गोव्याचं गेलं. मेमध्ये रुजू व्हायची अट होती आणि मेमध्ये ती पुन्हा ट्रेनी होती. तिने खोली बदलली, नाशिक रोडला मावशीकडे राहायला गेली. सामान न्यायला आली तेव्हा योगिनी तिची बॅग उचलून द्वारकेच्या स्टॉपपर्यंत सोबत गेली. भर दुपारचं ऊन, रिक्षावाल्यांचा आरडाओरडा.

स्टॉपवर सृष्टी म्हणाली, "तुला तुझं वर्ष घालवायचं होतं तर घालवायचं होतंस. आम्हाला कशाला ओढलंस?"

"मी माझंच सांगितलं. साईने त्याचं सांगितलं."

"शब्दांत पकडू नकोस. माझं गोव्याचं गेलं ते तुझ्यामुळे गेलं."

योगिनीच्या ओठावर सॉरी आलं होतं. सृष्टी खोटं बोलत नव्हती. ते पत्र तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं योगिनीने रोज पाहिलं होतं.

"हो," ती म्हणाली. "माझ्यामुळे गेलं."

एवढ्या सरळ उत्तराची सृष्टीने तयारी केली नसावी.

"आणि उद्या परत तसंच झालं, तर मी परत तेच करीन," योगिनी म्हणाली. "फक्त तुला आदल्या दिवशी सांगून करीन. या वेळी ते चुकलं माझं."

"सांगितलं असतंस तर मी तुला कोंडून ठेवलं असतं."

"माहितीये."

नाशिक रोडची बस आली. सृष्टीने तिच्या हातातून बॅग घेतली, चढली आणि पलीकडच्या बाजूच्या सीटवर बसली. योगिनीने बस वळेपर्यंत पाहिलं. दोन वाजता तिला नव्या हॉटेलच्या किचनमध्ये हजर व्हायचं होतं आणि शेफने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की उशीर केलास तर दारातूनच परत पाठवीन. ती सिग्नलची वाट न बघता, हात दाखवत, गाड्यांमधून रस्ता ओलांडायला लागली.